साळवेबाई टाइट घेतात

एस्तेर साळवेबाई टाइट घ्यायला आल्या की दुकानदार आधी जिना मोकळा करतो.

म्हणजे आता करतो. पहिल्या वेळी त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. संगमनेरच्या बाजारपेठेतलं दोन मजली दुकान. खाली साड्या, वर लेडीज कपडे. बाई ट्रायल रूममधून काळी टाइट आणि वर शाळेतला कुर्ता अशा वेषात बाहेर आल्या, आरशाकडे ढुंकूनही न बघता जिन्याकडे वळल्या आणि पळत खाली उतरल्या. सेल्समन "ओ मॅडम, ओ मॅडम" करत मागे. त्याला वाटलं, माल अंगावर घालून पसार झाल्या. बाई खाली साड्यांच्या गाद्यांपर्यंत गेल्या, वळल्या, तशाच पळत वर आल्या आणि कमरेच्या पट्टीत बोटं घालून दुकानदाराला म्हणाल्या, "चार बोटं खाली आली. न्हाई चालायची. दुसरी दाखवा."

"मॅडम, लेगिंग सगळ्यांचीच थोडी सरकते."

"लेगिंग मागितलीच नाही मी. लेगिंग घालून लग्नाला जातात. टाइट घालून पळतात."

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. पण खरं सांगायचं तर ते हसणं मला तेव्हाच थोडं टोचलं होतं.

मला टाइट घ्यायला तीन मिनिटं लागतात. ढिगातली मीडियम उचलायची, पिशवीत टाकायची, घरी यायचं. ती बसते. मला लहानपणापासून सगळे काडी म्हणतात आणि काडीला काहीही बसतं. माझ्याबरोबर खरेदीला कधी कोणी येत नाही, कारण बघण्यासारखं त्यात काही नसतंच. बाईंच्या एका टाइटपायी मात्र अख्खं दुकान तासभर कामाला लागायचं. इंग्रजीत काय शब्द असेल तो असो, मराठीत याला जळणं म्हणतात. मी साळवेबाईंवर जळत होते. त्यांच्या अडचणीवरसुद्धा जळत होते.

बाई आणि मी एकाच शाळेत. त्या भूगोल शिकवतात, मी गणित. त्या बावन्नच्या, मी एकेचाळीसची. त्यांचं माहेर सोनईचं; वडील शिक्षक, आजोबा शिक्षक, घरात सगळे मास्तरच. बोलणं एरवी अगदी पुस्तकी शुद्ध, पण खूश झाल्या किंवा चिडल्या की सोनई बाहेर यायची. वजन त्या स्वतःच सांगायच्या, तेही पहिल्याच भेटीत, पुढच्याने मनातल्या मनात अंदाज करत बसू नये म्हणून. "शहाण्णव किलो. चपला सोडून."

पळायला त्यांना मीच आणलं, हे विशेष. चार वर्षं मी रोज पहाटे कॉलेजच्या मैदानावर पळत होते. थंडी असो, धुकं असो. एकदा स्टाफरूममध्ये डबा खाता खाता बाई म्हणाल्या, "वैशाली, तू रोज पळतेस म्हणे. मी येऊ का?"

"या की," मी म्हणाले. शंभरातल्या नव्याण्णव माणसांना आपण असं म्हणतो आणि ती येत नाहीत.

बाई दुसऱ्या दिवशी पावणेसहाला हजर. सलवार-कुर्ता, पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. अर्धी फेरी पळाल्या, अर्धी चालल्या, मग पायऱ्यांवर बसून एवढ्या मोठ्याने हसल्या की पलीकडे व्यायाम करणारी पोलीस भरतीची पोरं थांबून बघायला लागली. "अगं, माझ्या पोटाला कळलंच न्हाई मी थांबले ते. ते अजून पुढंच चाललंय!"

महिन्याभरात ते मैदान त्यांचं झालं. भरतीची पोरं त्यांच्या प्रत्येक फेरीला टाळ्या वाजवायची. "बाई, अजून एक! बाई, होणार!" वॉचमन त्यांच्यासाठी गेट दहा मिनिटं आधी उघडायचा. मी या सगळ्यांच्या शेजारून चार वर्षं पळत गेले होते, दर फेरीला, बाईंच्या दुप्पट वेगाने. त्यातला एक मुलगा एकदाच माझ्याशी बोलला. म्हणाला, "मॅडम, आज बाई नाही आल्या का?"

सलवारीत पळणं काही जमेना. सलवार पायात अडकायची, घामाने चिकटायची. मग बाईंचा टाइटचा शोध सुरू झाला आणि आमच्या स्टाफरूमला दुसरा विषय उरला नाही.

त्यांचं एक वाक्य होतं. "आधी भूगोल, मग कापड." शरीराचा भूगोल बघून कापड घ्यावं, कापड बघून शरीर कापता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि तो भूगोल त्या कुठलाही संकोच न करता सांगायच्या. पोट म्हणजे पठार. पठारावर कमरेची पट्टी रुंद हवी, नाहीतर पाचव्या मिनिटाला तिची सुरळी होऊन खाली घरंगळते. मांड्यांना त्या प्रवरा आणि म्हाळुंगी म्हणायच्या. "आणि आपण राहतो संगमनेरला. संगम चुकवता येत नाही. संगमावर घर्षण होतं, घर्षण झालं की माणूस दोन दिवस पाय फाकवून चालतो. म्हणून शिवण मांडीच्या आतून नको. मधे चौकोनी तुकडा हवा. ज्या टाइटला मधे चौकोनी तुकडा नाही, ती बारीक माणसानं बारीक माणसासाठी शिवलेली असते."

हे त्या सगळ्यांसमोर बोलायच्या. शिपाईमामा चहा ठेवताना लाजून खाली बघायचे. मी तशी बोलू शकले असते का? मला तर अजून दुकानात 'आतले कपडे' असं म्हणताना आवाज खाली येतो.

एक दिवस हातात खडू घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "वैशाली, तू गणिताची. सांग, एका दुकानात मी दोन एक्स एल, दुसऱ्यात चार एक्स एल, तिसऱ्यात माझा एक्सच नाही. मग एक्सची किंमत किती?"

"बाई, प्रत्येक समीकरणात एक्स वेगळा असतो."

"मग 'फ्री साइज' म्हणजे?"

"अनंत."

"खोटं! फ्री साइज माझ्या म्हाळुंगीवर संपली. प्रवरा अख्खी उघडी राहिली." सगळी स्टाफरूम हसून लोळली. विनोद अर्धा माझा होता, पण घरी जाताना सगळे म्हणत होते, बाई म्हणजे कमालच.

टाइटच्या त्यांच्या तीन परीक्षा होत्या. पहिली जिन्याची. दुसरी उठाबशांची, ट्रायल रूमच्या बाहेर, सगळ्यांसमोर, दहा. तिसरी खिडकीची, आणि त्यासाठी मी लागायचे. उजेडाकडे पाठ करून त्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मागून बघ. खरं सांग." मी सांगायचे. इथे ताणलंय, इथे चुण्या पडल्यात, इथे आरपार दिसतंय. माझं त्या निमूट ऐकायच्या, आत जायच्या आणि टाइट परत करायच्या. असं करत करत वर्षभरात त्यांच्याकडे तीन टाइट जमल्या. तिन्ही काळ्या. रंगीत कधी हातातसुद्धा घेतली नाही.

माझा नवरा तसा कमी बोलतो. एका रात्री जेवताना म्हणाला, "त्या साळवेबाईंचं मानलं पाहिजे हं. एवढं शरीर घेऊन पळतात."

"आणि मी?"

"तू काय, तू पळतेसच," असं म्हणून त्याने भाकरी मोडली.

मग तालुक्याच्या पुरवणीत बाईंचा फोटो आला. वार्ताहर मैदानावर आला तेव्हा आम्ही दोघी शेजारी शेजारी होतो. फोटो मोठा छापला होता, बाई हसतायत, मागे धुकं. उजव्या कडेला एक कोपर होतं. ते माझं. मी ते कोपर आईला फोनवर दाखवलं, तर आई म्हणाली, "किती वाळलीयेस गं."

मार्चमधल्या महिला दिनाला आमच्या गावात बायकांची पाच किलोमीटरची शर्यत असते. गावातली डॉक्टर मंडळी भरवतात. कॉलेजच्या मैदानापासून नदीच्या पुलापर्यंत आणि परत. आदल्या वर्षी मी तिसरी आले होते. या वेळी पहिल्या दोघींमधली एक लग्न होऊन नाशिकला गेली होती, दुसरीचं बाळंतपण झालं होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला. हे वर्ष माझं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी बसस्टँडसमोर शर्यतीचा फ्लेक्स लागला. दहा फूट उंच. त्यावर साळवेबाई. तोच पेपरातला फोटो, पण आता माझं कोपरही कापलेलं. माझ्या नवऱ्याने तिथे गाडी थांबवून फ्लेक्सचा फोटो काढला आणि मलाच पाठवला. खाली टाळ्यांची तीन चित्रं.

त्याच आठवड्यात रविवारी बाईंचा फोन आला. "वैशाली, नगरला येतेस? सावेडीत मोठं दुकान झालंय म्हणे, खेळाच्या कपड्यांचं. माझी जुनी टाइट मांडीवर विरली. शर्यतीला नवी घेऊ."

जायचं नव्हतं. गेले. लोणीपासून राहुरीपर्यंत एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत होती आणि बाई खिडकीतून मला जमिनीचे प्रकार सांगत होत्या. मी हो हो म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो फ्लेक्स हलत होता.

दुकान खरंच मोठं होतं. काचेची भिंत, पांढरे दिवे आणि एका कोपऱ्यात मोठ्या मापाच्या टाइटचा अख्खा रॅक. बाई त्या रॅकसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. देवळात किंवा चर्चमध्ये गेल्यासारख्या. "वैशाली, इथं माझा एक्स हाय," एवढंच म्हणाल्या.

चार काळ्या घालून पाहिल्या. एकीची पट्टी अरुंद, एकीला चौकोनी तुकडा नाही, एक उठाबशीत कुरकुरली, चौथीला मोबाइलचा खिसा नव्हता. दुकानात जिना नव्हता, म्हणून बाई रॅकच्या मधल्या वाटेतून आडव्या पळत होत्या आणि दोन सेल्सगर्ल त्यांच्यासाठी ट्रॉल्या बाजूला घेत होत्या. अर्ध्या तासात त्याही 'बाई' म्हणायला लागल्या होत्या.

पाचवी टाइट अबोली रंगाची होती. त्या मापात काळी शिल्लक नव्हती. बाई म्हणाल्या, "रंग असला, पण माप तर बघू." घालून बाहेर आल्या. पळाल्या. पट्टी तसूभर हलली नाही. उठाबशा काढल्या. शिवण गप्प. मग त्या पहिल्यांदाच आरशासमोर गेल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. हाताने मांडीवरून कापड एकदा खाली, एकदा वर सारखं केलं.

"मी कधी असला रंग घातला न्हाई," त्या म्हणाल्या. "जाड माणसानं काळं घालावं, असं आई म्हणायची. वैशाली, मागून बघ. खरं सांग."

काचेच्या भिंतीकडे पाठ करून त्या उभ्या राहिल्या. माप अगदी नेमकं होतं. कुठे चुणी नाही, आरपार काही नाही. पण मी पाच वर्षं पळतेय. मला ठाऊक होतं की असल्या फिक्या रंगात घाम लपत नाही. एक किलोमीटरच्या आत त्यावर गडद डाग पडतो, आणि नेमका नको तिथे पडतो. लांबून बघणाऱ्याला दुसरंच काहीतरी वाटतं. माझं स्वतःचं एकदा झालं होतं. तेव्हापासून मी ढिगातनं काळीच उचलते. शिवाय शर्यतीला सगळ्यांना आयोजकांचा टी-शर्ट घालावा लागतो, आणि तो बाईंना कमरेच्या वरच राहणार, हेही मला दिसत होतं.

एवढं सगळं एका क्षणात दिसलं. आणि मी म्हणाले, "छान दिसतंय, बाई. खरंच छान. खुलतो तुम्हाला हा रंग."

बाई लगेच वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "छान?"

"एकदम छान."

परतीच्या एसटीत त्या गप्प होत्या. पिशवी मांडीवर उभी धरली होती, लोक केकचा डबा धरतात तशी. मला वाटलं, दमल्या असतील. मला मात्र राहुरीपर्यंत फार हलकं वाटत होतं आणि राहुरीनंतर छातीत जळजळायला लागलं. मी ते नगरला खाल्लेल्या बटाटेवड्यावर ढकललं.

शर्यतीच्या सकाळी मी मुद्दाम पुढच्या रांगेत, त्यांच्यापासून लांब उभी राहिले. बाई दुसऱ्या टोकाला होत्या, आयोजकांबरोबर. अबोली टाइट, वर पांढरा टी-शर्ट, कमरेच्या वरच संपलेला. भरतीची पोरं ओरडत होती, "बाई! बाई!" शिट्टी झाली आणि मी सुटले.

तसं मी आयुष्यात कधी पळाले नव्हते. पुलापाशी वळसा घेतला तेव्हा माझ्यापुढे एकच मुलगी होती, कॉलेजातली, आणि ती दमत चालली होती. अंतर कमी होत होतं. परतीच्या वाटेवर समोरून मागच्या बायका येत होत्या. त्यांच्यात बाई दिसल्या. चेहरा लाल, हसऱ्या. मला बघून हात उंच केला. "पळ वैशाली! पहिली येणार तू, पळ!"

मी त्यांच्या शेजारून गेले. आणि पाच-सहा पावलांवर मला हसू ऐकू आलं.

रस्त्याच्या कडेने एक मोटारसायकल हळूहळू चालली होती. दोघं होते. मागचा मोबाइल धरून बाईंच्या पाठीमागून शूटिंग करत होता. पुढचा म्हणाला, "फ्लेक्सवालीची टाकी फुटली रे." कडेला उभी असलेली चार माणसं फिस्कन हसली. एका बाईने पदर तोंडाला लावला.

मी मागे वळून पाहिलं. डाग पडला होता. मला माहीत होता तसाच, तिथेच.

किती वेळ थांबले माहीत नाही. मागची एक बाई माझ्यापुढे गेली, मग आणखी एक गेली. मी हे घडवलं होतं, आणि मनात कुठेतरी मला ते बघायचंही होतं. ते आता समोर होतं आणि मला बघवत नव्हतं. मी उलटी फिरले. उलट दिशेने पळत गेले आणि बाईंच्या मागे, अगदी हातभर अंतरावर, मोबाइलच्या आड उभं राहावं तशी पळायला लागले.

"ओ मॅडम, बाजूला व्हा की," मोटारसायकलवरचा ओरडला.

"तुझ्या शाळेचं नाव सांग," मी ओरडले. "सांग! बापाचा नंबर सांग!" चौदा वर्षं मास्तरकी केल्याचा तेवढाच एक फायदा. गाडी मागे पडली.

बाईंनी मान वळवली. "अगं, तू इकडं कशी? तू तर परत चालली हुतीस!"

"पुढे बघून पळा, बाई."

पुलापाशी वळशावर पाण्याचं टेबल होतं. मी दोन जग उचलले. एक बाईंच्या कमरेवर रिकामा केला, पुढून मागून, अख्खी टाइट निथळेपर्यंत. दुसरा स्वतःवर ओतला. आता सगळंच गडद. डाग कुठला ते कळायला मार्ग नाही.

"वैशाली! डोकं फिरलंय का तुझं?"

"ऊन फार आहे."

सकाळचे सात वाजले होते. मी हुडहुडत होते. बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पुन्हा पळायला लागल्या. मी शेवटपर्यंत त्यांच्या मागे राहिले. त्या चालल्या तेव्हा चालले, पळाल्या तेव्हा पळाले. पोहोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. फक्त भरतीची पोरं थांबली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. शाळेमागच्या वसाहतीत दोन खोल्या आहेत त्यांच्या. आई होती तोवर तिघीचौघींची वर्दळ असायची, आता त्या एकट्याच. अबोली टाइट धुऊन तारेवर टाकली होती. बाई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी नको म्हणाले. चहा मीच टाकला. साखरेचा डबा शोधायला लागलो की माणसाला थोडा वेळ मिळतो, तेवढा घेतला आणि मग ओट्याकडे तोंड करूनच बोलले.

"बाई, मला दुकानातच माहीत होतं. त्या रंगावर घाम दिसतो. मी मुद्दाम नाही सांगितलं."

मी गॅस थोडा मोठा केला.

"तो फ्लेक्स बघून मला फार... मी जळत होते तुमच्यावर. वर्षभर."

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "जळतेस ते सगळ्या शाळेला ठाऊक आहे, वैशाली. चहा उतू जातोय."

मी गॅस बंद केला. वळले.

"आणि घामाचंही मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "जिना चढल्याशिवाय मी टाइट घेत नाही. शर्यतीची टाइट घरी घालून पळणार नाही, असं वाटलं तुला? गुरुवारीच वसाहतीला दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन आरशात बघितलं. दिसला डाग."

"मग घातलीत कशाला? काळ्या होत्या ना घरी?"

बाई तारेवरच्या टाइटकडे बघत राहिल्या. वाऱ्याने तिचा एक पाय हलत होता.

"काळी काढून ठेवली हुती खाटेवर. सकाळी हातातसुद्धा घेतली." त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू छान म्हणालीस ना दुकानात. तर त्या दिवशी एसटीत मी आठवत बसले, हे आपल्याला शेवटचं कोण म्हणालं. बाई भारी आहेत म्हणतात, बाईंची कमाल आहे म्हणतात, बाई हसवतात म्हणतात. छान दिसता, असं. संगमनेर आलं तरी आठवेना. मग म्हटलं, डाग तर डाग. घालू या."

मी कप भरले, एक त्यांच्या हातात दिला, स्टूल ओढून समोर बसले. छान हा एक शब्द मला आता वापरता येणार नव्हता. खरा असला तरी नाही. मी दुसरं काहीतरी शोधत होते, खरं असलेलं. चहा अर्धा संपला.

"बाई," मी म्हणाले, "पुलाच्या उतारावर तुम्ही पाऊल फार हलकं टाकता. मी तीन किलोमीटर मागून तेच बघत होते. टाच आपटत नाही तुमची, आवाजच येत नाही. माझं पाऊल तसं पडत नाही. पाच वर्षं झाली, तरी पडत नाही. उतरताना तुम्हाला बघून मला इतका हेवा वाटला."

बाईंनी कप खाली ठेवला. पाय खाटेवर पुढे लांब केलेलेच होते. त्यांनी मान वाकवून पोटाच्या पलीकडे आपली पावलं बघितली, एकदा हे, एकदा ते, कोणी नवीन ओळख करून दिल्यासारखी.

"व्हय?" त्या म्हणाल्या.